फादर ब्लॅटर व मरुभूमीचीं झुडपें

वनस्पतिशास्त्र म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें गुलाब, जास्वंद, फार तर आंबा आणि वड हीं झाडें उभीं राहतात. कांटेरी, खुरटें, पानें नसलेलें झुडूप कोणी परीक्षेसाठींहि आणून दाखवीत नाहीं. अशीं झुडपें जेथें वाढतात ती जमीन आपल्या देशांतील दप्तरांतून पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हणून लिहिली गेली. आमच्या मीरा-भाईंदरचें खाजण तर लोकांच्या तोंडीं नुसती दलदल आहे. या पडीक भूमीवर कोण कोण राहतें, कशाच्या बळावर राहतें, आणि एका जागीं एक जात उभी असतां चार पावलांवर दुसरीच कां उभी असते, याचा हिशेब मांडण्यांत ज्यांनीं आयुष्याचा मोठा भाग घालविला अशा एका धर्मगुरूंचें चरित्र आम्ही या अंकांत देत आहों. त्यांचें नांव फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजीं स्वित्झर्लंड देशाच्या ॲपेन्झेल परगण्यांत झाला. हा परगणा आल्प्स पर्वताच्या कुशींत आहे. हिवाळ्यांत बर्फ, उन्हाळ्यांत हिरवींगार कुरणें, गाईंचे कळप व दुधाचा सुकाळ असा तो मुलूख. तेथें जन्मलेल्या मुलानें पुढें अरबस्तान व थर यांसारख्या रुक्ष प्रदेशांच्या वनस्पतींचा अधिकारी पुरुष व्हावें, हा योग विलक्षण खरा. १८९६ सालीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते येशूसंघांत दाखल झाले. येशूसंघाचा अभ्यासक्रम मोठा लांबचा आहे. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, भाषा यांत पुष्कळ वर्षें जातात, आणि मध्यंतरीं कांहीं काळ शाळा-कॉलेजांत शिकविण्याचें काम करावें लागतें. तरुण ब्लॅटर या मधल्या काळांतच, १९०३ सालीं, मुंबईस आले. गुरुदीक्षा अजून व्हावयाची होती. १८६९ मध्यें निघालेल्या सेंट झेवियर कॉलेजांत ते शिकवूं लागले आणि फावला वेळ मुंबई इलाख्याच्या वनस्पतींस देऊं लागले.

त्या वेळीं इलाख्याच्या वनस्पतींची मोजदाद चालूच होती. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे पूर्वींचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागानें बाहेर पडत होता. कुक यांचें काम मुख्यतः वर्णनाचें व नांवांचें होतें. ब्लॅटर यांची दृष्टि आरंभापासून थोडी निराळी दिसते. मुंबईस येऊन दोन वर्षें होतात न होतात तोंच, १९०५ सालीं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या त्रैमासिकांत त्यांनीं इलाख्यांतील खारफुटीच्या झाडांवर व त्यांच्या जीवनक्रमावर एक लेख लिहिला. झाडाचें नांव काय, एवढ्यावर न थांबतां तें अशा जागीं जगतें कसें, हा त्या लेखाचा विषय होता.

हा विषय आमच्या विद्यार्थ्यांच्या दाराशींच आहे. भाईंदर स्टेशनाच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. तिच्या कांठीं, तसेंच उत्तन-गोराईकडील खाजणांत, तिवर, कांदळ, चिपी, मारांडी हीं झाडें भरती-ओहोटीच्या चिखलांत उभीं असतात. तिवराचें पान तोडून जिभेस लावून पहावें. तें खारट लागतें. पानाच्या पाठीवरील सूक्ष्म पिंडांतून झाड मीठ बाहेर टाकीत असतें. त्याच्या बुंध्याभोंवतीं चिखलांतून हजारों काड्या वर आलेल्या दिसतात. त्या काड्या म्हणजे श्वास घेणारीं मुळें होत. कांदळाचें बीज तर झाडावर असतांनाच रुजतें आणि लांब शेंगेसारखा अंकुर घेऊनच खालीं येतें. पण या सर्वांहून चमत्काराची गोष्ट ही, कीं चोवीस तास पाण्यांत पाय असलेल्या या झाडांचीं पानें जाड, चिवट, तुकतुकीत अशीं असतात. असें पान तर पाणी जपून वापरणाऱ्या वनस्पतीचें लक्षण. ८० इंचांच्या वर पाऊस पडणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर, भर खाडींत, पाण्याची काटकसर कशासाठीं?

याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेविलें म्हणजे त्यांस पाणी सुटतें. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढतें. खाडीचा चिखल झाडाच्या मुळांशीं हाच व्यवहार करूं पाहतो. मुळांतील रस बाहेरच्या पाण्याहून दाट असेल तरच पाणी आंत शिरेल. बाहेर मीठ जितकें अधिक, तितकें तें ओढून घेणें अवघड. म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आहे, परंतु तें पितां येत नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ शिम्पर यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पति-भूगोलाच्या ग्रंथांत अशा जमिनीस वनस्पतीच्या दृष्टीनें कोरडी जमीन मानलें होतें, व त्या काळच्या तरुण अभ्यासकांवर या विचाराची मोठी छाप होती. पुढील संशोधनानें ही कल्पना पुष्कळ सुधारली आहे. खारफुटीचीं झाडें केवळ तहान सोसून स्वस्थ बसत नाहींत. कित्येक मीठ मुळांशींच अडवितात, कित्येक पानांवाटे टाकतात, आणि या कामांत त्यांची बरीच शक्ति खर्च होते. तथापि मूळ मुद्दा टिकला आहे. जमिनींत पाणी किती आहे एवढ्यावरून झाडाची स्थिति कळत नाहीं. तें पाणी झाडाच्या हातीं किती लागतें, हें पहावें लागतें.

आमच्या मतें फादर ब्लॅटर यांच्या पुढील तीस वर्षांच्या कार्याची किल्ली येथें आहे. मुंबईच्या खाडीपासून निघालेला हा माणूस क्रमाक्रमानें अधिकाधिक कोरड्या प्रदेशाकडे गेला. १९०८-०९ मध्यें कच्छच्या वनस्पतींवर त्यांचे लेख आले. कच्छ म्हणजे दोन्ही प्रकारच्या तहानेचें माहेरघर: एका बाजूस रणाचें मीठ व किनाऱ्याचीं तिवरें, दुसऱ्या बाजूस पावसाच्या अभावीं खुरटलेलें कांटेरी रान. याच सुमारास, १९०६ सालीं, सेंट झेवियर कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा पाया त्यांनीं घातला. पुढें तो संग्रह त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि आज त्यांत लाखाहून अधिक नमुने आहेत.

कांहीं वर्षें युरोपांत राहून धर्मशास्त्राचा अभ्यास व गुरुदीक्षा हीं पुरीं करून ते १९१५ च्या सुमारास मुंबईस परत आले. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. मुंबईच्या येशूसंघी मिशनांत जर्मन धर्मगुरूंचा भरणा मोठा. इंग्रज सरकारनें त्यांतील पुष्कळांस स्थानबद्ध करून पुढें स्वदेशीं धाडलें. स्वित्झर्लंड तटस्थ राष्ट्र असल्यामुळें ब्लॅटर यांजवर तो प्रसंग आला नाहीं. परंतु जे थोडे मागें राहिले त्यांच्या माथीं कॉलेजचें ओझें दुप्पट झालें. एडनच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९१४ ते १९१६ या वर्षांत सरकारी वनस्पति-सर्वेक्षण खात्यानें छापला. एडन म्हणजे जळून गेलेल्या ज्वालामुखीचा खडक. वर्षाकाठीं कसाबसा एखाद-दुसरा पाऊस. अशा ठिकाणींहि पुस्तक भरेल इतक्या वनस्पति आहेत, ही गोष्टच वाचकास चकित करणारी होती.

यानंतर आला तो त्यांच्या आयुष्यांतील, आम्हांस तरी, सर्वांत मोलाचा प्रवास. १९१७ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत फादर ब्लॅटर व त्यांचे सहकारी प्राध्यापक हालबर्ग हे जोधपूर व जैसलमेर संस्थानांत वनस्पति गोळा करण्यासाठीं गेले. जैसलमेरास त्या काळीं आगगाडी नव्हती. ती पुढें पन्नास वर्षांनीं गेली. उंट हेंच त्या मुलखाचें वाहन. जैसलमेरीं वर्षाचा पाऊस सरासरीनें १० इंचांहूनहि कमी. उन्हाळ्यांत अंगाची लाही करणारें ऊन, हिवाळ्याच्या रात्रीं कडाक्याची थंडी, आणि आठवडेच्या आठवडे वाळू उडविणारा वारा. परंतु १९१७ हें साल निराळें होतें. त्या वर्षीं हिंदुस्थानांत, विशेषतः वायव्येकडे, पाऊस असामान्य मोठा झाला, आणि हे दोघे गेले तेव्हां पावसाळा नुकताच सरला होता.

वाळवंट पहावें तर अशा वर्षीं. कारण तेथील पुष्कळशा वनस्पति बीजरूपानें वाळूंत पडून असतात आणि पुरेसा पाऊस झाल्याखेरीज डोकें वर काढीत नाहींत. कित्येकांच्या बीजावरील द्रव्य चांगलें धुऊन गेल्यावांचून तें रुजतच नाहीं. उगाच आलेल्या चार थेंबांस तें फसत नाहीं. एकदां रुजलें म्हणजे मात्र थोड्याच आठवड्यांत पान, फूल, फळ सारें उरकून तें पुन्हां बीजरूप होतें. या वनस्पति तहान सोसतात असें म्हणणें चूक होय. त्या तहानेचे दिवस टाळतात. तहान खरी सोसतात तीं झुडपें.

ब्लॅटर व हालबर्ग यांनीं या सर्व वनस्पतींची यादी केली, आणि ती १९१८ पासून १९२१ पर्यंत नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या त्रैमासिकांत हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध झाली. नव्या जातींसहि त्यांनीं नांवें दिलीं. त्यांपैकीं जोधपूरच्या नांवावरून ठेविलेली युफोर्बिया जोधपुरेन्सिस आणि फार्सेशिया मॅक्रँथा या दोन आम्ही सांगून ठेवतों. पण यादीपेक्षां त्यांनीं केलेली मांडणी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. जागेच्या स्वरूपावरून त्यांनीं मरुभूमीच्या वनस्पतींचे पांच समुदाय ठरविले: पाण्यांतील, वाळूवरील, खड्याळ जमिनीवरील, खडकावरील आणि मनुष्यवस्तीच्या आश्रयानें वाढणारा. पाण्याचा समुदाय थोडक्यांतला आहे. जैसलमेरच्या गडीसरासारखे तलाव व तुरळक डबकीं यांत तो आटोपतो. वस्तीलगतचा समुदायहि जगांत सगळीकडे असतो तसाच, पडक्या भिंतींचा, उकिरड्यांचा व वाटांच्या कडांचा. खरें वाळवंट मधल्या तिघांत आहे.

वाळूचें पहा. आम्हांस असें वाटतें कीं नुसत्या वाळूच्या टेकडीवर कांहींहि उगवूं नये, आणि टणक सपाट जमिनीवर थोडेंबहुत तरी उगवावें. वस्तुस्थिति उलट आहे. वाळूवर पडलेला पाऊस वाहून न जातां सरळ खालीं मुरतो. वरचा हातभर थर उन्हानें लवकर वाळतो, पण तो वाळलेला थरच खालच्या ओलीवर झांकणासारखा बसतो आणि वाफ होऊं देत नाहीं. आमचे देशावरील शेतकरी रब्बीच्या ज्वारींत कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवतात, तें याच कारणासाठीं. म्हणून वाळूच्या टेकडीच्या पोटांत उन्हाळ्यांतहि ओल सांपडते, आणि ज्याचें मूळ तेथवर पोहोंचेल त्यास ती मिळते. येथें फोग नांवाचें झुडूप वाढतें. त्यास पानें जवळजवळ नाहींतच. हिरव्या कोंवळ्या काड्याच पानांचें काम करतात. वाऱ्यानें फांद्यांवर वाळू चढली तर त्या फांद्यांस नवीं मुळें फुटतात आणि झुडूप टेकडीबरोबर वर येतें. असें झुडूप वाळूस धरून ठेवतें. तें गेलें म्हणजे टेकडी चालूं लागते व शेतावर, विहिरीवर येऊन बसते. फोगाच्या शेजारीं खींप, तोहि पानावांचून हिरव्या काठ्यांचा जुडगा, सिणिया, आणि पांढऱ्या लवेनें अंग झांकून घेतलेली बुई. आपली ओळखीची रुईहि तेथें भरपूर आहे. तिच्या पानांवर मेणाचा थर असतो, आंत चीक असतो, आणि शेळीदेखील तिच्या वाटेस सहसा जात नाहीं.

खड्याळ जमिनीची गोष्ट दुसरी. तेथें वरवर खडे आणि थोड्याच खोलीवर चुनखडीचा कठीण थर. पाऊस आला तरी वाहून जातो किंवा वरच्यावर वाळतो, आणि मूळ खालीं गेलें तरी थरावर आपटतें. म्हणून येथें झुडपें खुरटीं, विरळ, एकमेकांपासून दूरदूर. पाहणाऱ्यास वाटतें, मधली जागा रिकामी आहे. पण जमिनीखालीं ती रिकामी नसते, कारण शेजाऱ्यांचीं मुळें तेथवर पसरलेलीं असतात. रानबोरी, धमासा आणि नेपती हीं या जागेचीं माणसें. नेपतीस मारवाडांत कैर म्हणतात. तिच्या फळांचें लोणचें व भाजी तेथें घरोघर होते. आपल्या नगर-सोलापूरकडील अवर्षणी मुलखांत, तरवड व हिवर यांच्या संगतींत, हीच नेपती कोणीहि पाहूं शकेल. तिची ओळख करून घेण्यास जैसलमेरास जाण्याचें कारण नाहीं.

खडकावर पाणी भेगांत सांठतें, आणि जो भेगेंत मूळ घालील तो जगतो. तेथें निवडुंगासारखा थोर, गुग्गुळाचें वेडेंवांकडें झुडूप, आणि उत्तम डिंक देणारी कुमट. पुढील अभ्यासक खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींचाहि एक निराळा समुदाय मानतात, आणि येथें आम्हां भाईंदरकरांनीं विशेष लक्ष द्यावें. जोधपूर-बाडमेरच्या बाजूस पचपदरा म्हणून ठिकाण आहे. समुद्रापासून इतकें दूर असून तेथें मिठाच्या खाणी आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं जाड, रसाळ, बारीक पानांचीं मोरसाच्या जातीचीं झुडपें वाढतात. आमच्या मिठागरांच्या बांधावर उन्हाळ्यांत लालसर होणारी मोरस ज्यांनीं पाहिली असेल त्यांस तीं परकीं वाटणार नाहींत. पिलूचें झाड तर दोन्हीकडे तेंच आहे: ज्याच्या काडीचा दांतवण होतो तो पिलू मुंबई-ठाण्याच्या खाडींत तिवरांच्या मागें, जमिनीच्या बाजूस वाढतो, आणि तोच मरुभूमींतहि वाढतो. ८० इंच पावसाचा किनारा व १० इंचांचें वाळवंट यांमध्यें एवढें अंतर. तरी एकच झाड दोन्ही घरीं सुखानें नांदतें, कारण मिठाची तहान आणि उन्हाची तहान त्यास सारखीच.

हीं झुडपें पाणी कसें वांचवितात, हें पानांच्या व खोडांच्या आंतील रचनेवरून सिद्ध करावयाचें काम टी. एस. सबनीस यांनीं केलें. मरुभूमीच्या वनस्पतींचे पातळ छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, त्यांनीं १९१९ ते १९२१ या काळांत एक लांबलचक लेखमाला लिहिली. पानाची साल किती जाड, वायूची ये-जा होणारीं रंध्रें वर कीं खळग्यांत दडलेलीं, लव कोणत्या आकाराची, पाणी सांठविणाऱ्या पेशी कोठें, हें जातीजातीचें त्यांनीं टिपून ठेविलें. ब्लॅटर-हालबर्ग यांची यादी व सबनीसांचे छेद एकत्र वाचले म्हणजेच वाळवंट समजतें. एका मराठी माणसाचें हें काम आमच्या शाळांतून अगदींच अज्ञात असावें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

त्या मुलखाच्या लोकांस झुडपांची किंमत सांगावी लागत नव्हती. १९१७ च्या मुबलक पावसामागून १९१८ सालीं पाऊस पार बुडाला. अशा वर्षीं मारवाडांत कैराचीं फळें, शमीच्या शेंगा, बोरीचा पाला व फोगाचे घोंस यांवर माणसें व जनावरें दिवस काढीत आलीं आहेत. ज्या शमीस आपण दसऱ्यास वंदन करतों, तीच तेथील खेजडी. तिचीं मुळें फार खोल जातात, तिच्या सांवलींत बाजरी चांगली येते, आणि तिच्यासाठीं १७३० सालीं जोधपूरजवळील खेजडली गांवीं बिश्नोई पंथाच्या ३६३ स्त्री-पुरुषांनीं कुऱ्हाडीपुढें उभें राहून प्राण दिले. ज्यास दप्तर पडीक म्हणतें त्यासाठीं एवढीं माणसें मरूं शकतात, हें दप्तर लिहिणारानें ध्यानांत घ्यावें.

१९१९ सालीं फादर ब्लॅटर सेंट झेवियर कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि कांहीं वर्षें त्या जागीं होते. नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षहि होते. एवढ्या व्यापांत त्यांचें लिखाण थांबलें नाहीं. अरबस्तानच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९१९ पासून निघूं लागला. सिंधु नदीच्या मुखाकडील वनस्पतींवर मॅक्कॅन व सबनीस यांच्यासह लिहिलेली माला १९२७ ते १९२९ मध्यें आली. सिंध त्या काळीं मुंबई इलाख्यांतच होता, आणि तेथें वाळवंट व खारफुटी एकमेकांच्या हातांत हात घालून उभीं असतात. ओल्या मुलखाकडे त्यांनीं पाठ फिरविली होती असें मात्र नव्हे. मुंबई इलाख्यांतील नेचे, हिंदुस्थान व सिलोनचे ताड-माड, काश्मीरचीं फुलें यांवरहि त्यांचीं पुस्तकें आहेत, आणि काश्मीरचें पुस्तक तर चित्रांमुळें कोणासहि आवडावें असें आहे. तरी आमचें मत असें कीं, तीं पुस्तकें दुसऱ्या कोणीहि लिहिलीं असतीं. वाळवंटाचें पुस्तक लिहावयास त्यांचीच नजर हवी होती.

प्रकृति साथ देईना म्हणून ते मुंबई सोडून पांचगणीस राहूं लागले. तेथेंहि काम चालूच होतें. मॅक्कॅन यांच्या मदतीनें कुक यांच्या जुन्या ग्रंथाची फेरतपासणी त्यांनीं १९२६ पासून चालविली होती. वझिरिस्तानच्या उजाड डोंगरांतील वनस्पतींवर फर्नांडिस यांच्यासह लिहिलेले लेख १९३३ पासून छापूं लागले. १९३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें योहान्नेस ब्र्यूल यांच्या स्मरणार्थ ठेविलेलें पदक पहिल्यानें त्यांसच दिलें. २६ मे १९३४ रोजीं, वयाच्या सत्तावनाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मुंबईच्या गवतांवरील पुस्तक १९३५ सालीं, अरबस्तानच्या ग्रंथाचा अखेरचा भाग १९३६ सालीं, आणि मिलार्ड यांच्यासह लिहिलेलें हिंदी वृक्षांवरील सुंदर पुस्तक १९३७ सालीं, असें त्यांच्या मरणानंतरहि तीन वर्षें त्यांचें लिखाण बाहेर येत राहिलें.

त्यांनीं पाहिलेलें वाळवंट आज तसें राहिलेलें नाहीं. १९५८ सालीं खोदाईस आरंभ झालेला व पुढें इंदिरा गांधी यांचें नांव मिळालेला मोठा कालवा जैसलमेरपर्यंत गेला. जेथें फोग होता तेथें गहूं व मोहरी उभी राहिली, आणि कित्येक ठिकाणीं पाणी सांचून जमीन खारी झाली. फोगाचीं मुळें सरपणासाठीं व कोळशासाठीं इतकीं खणली गेलीं कीं पुष्कळ टेकड्या उघड्या पडल्या. अमेरिकेंतून आलेली विलायती बाभूळ मोठ्या प्रदेशावर पसरली. इकडे आमच्या मीरा-भाईंदरची २००२ सालीं महानगरपालिका झाली. खाजणांवर भराव पडले, मिठागरें आकसलीं. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीची तोड करण्यास राज्यभर बंदी केली, तेव्हां तिवरास निदान कायद्याच्या कागदांत तरी जागा मिळाली. वाळवंटाच्या झुडपांस असा आधार बहुतेक ठिकाणीं अजून नाहीं.

भराव कोठें घालावा व कोठें घालूं नये, कालवा कोठून न्यावा, हे प्रश्न आतां तुमच्या पिढीपुढें येणार आहेत. त्या वेळीं पूर्वीं येथें काय होतें हें कोणास तरी दाखवितां आलें पाहिजे. जोधपूरचे प्राध्यापक भंडारी यांनीं पुढें मरुभूमीच्या वनस्पतींचा नवा ग्रंथ तयार केला, तो १९७८ सालीं निघाला. त्या कामास ब्लॅटर-हालबर्ग यांच्या यादीचाच पाया होता. त्या जुन्या यादींतील कांहीं नांवें तपासणींत गळालीं, कांहीं बदललीं. हें शास्त्रांत चालावयाचेंच. एका वेलवर्गीय वनस्पतीस ब्लॅटर व हालबर्ग यांनीं दिलेलें नांव पूर्वींच दुसऱ्या वनस्पतीस दिलें गेलेलें आढळलें, तेव्हां भंडारी यांनीं तिचें नांव कॉन्व्हॉल्व्ह्युलस ब्लॅटेराय असें ठेविलें. १९१७ च्या पावसानंतर वाळूंतून खुडून आणलेल्या फांद्या मात्र मुंबईस सेंट झेवियर कॉलेजच्या संग्रहांत आहेत, आणि त्या पाहण्यास अभ्यासक अजून येतात.